परसबागेतील कोबीवर्गीय रोपांची ओळख

पावसाळा सरून नवरात्राचे दिवस आले, की गावोगावच्या आठवडे बाजारांत भाज्यांच्या रोपांच्या जुड्या दिसू लागतात. ओल्या पोत्यात गुंडाळलेली कोबी, फुलकोबी आणि नवलकोलाची रोपे एकाच पाटीत असतात. विक्रेता तोंडाने नाव सांगतो आणि घरी येईपर्यंत जुड्यांची सरमिसळ होते. चिठ्ठी कोठेच नसते. मग परसातील वाफ्यासमोर गृहिणीला प्रश्न पडतो, की यांतील कोबी कोणता?

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. आपल्या सपाट प्रदेशात ही पिके प्रामुख्याने हिवाळ्यातच चांगली येतात. नवलकोलाला कोबी समजून गड्डा धरण्याची वाट पाहिली, तर तो निबर होऊन त्यात काष्ठ धरते. ब्रोकोलीच्या हिरव्या कळ्या वेळीच काढल्या नाहीत, तर त्या उमलून पिवळ्या पडतात. फुलकोबीचा गड्डा दिसू लागताच त्यावर पाने बांधली नाहीत, तर उन्हाने त्याचा पांढरेपणा जातो. ओळखीतील एका चुकीपायी छोट्या वाफ्यातील वर्षाचा हंगाम वाया जाऊ शकतो.

सारखेपणाचे कारण

कोबी, फुलकोबी, ब्रोकोली आणि नवलकोल ही दिसायला निरनिराळी असली, तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती एकाच जातीची रूपे होत. या जातीचे शास्त्रीय नाव ‘ब्रासिका ओलेरासिया’ असे आहे. तिचे रानटी पूर्वज युरोपच्या किनारी प्रदेशातील. शेतकऱ्यांनी शतकानुशतके निवड करीत कोठे शेंड्याची पाने, कोठे खोड, तर कोठे फुलोरा वाढवीत नेला. कोबीचा गड्डा म्हणजे शेंड्याची एकमेकांवर मिटलेली पाने, नवलकोल म्हणजे फुगलेले खोड आणि ब्रोकोली म्हणजे न उमललेल्या कळ्यांचा झुबका. ‘कोबी’ हे नावही पोर्तुगीजांच्या ‘कोव्ह’ या शब्दावरून आपल्याकडे रूढ झाले.

ज्या अवयवांत फरक पडला, ते अवयव लहान रोपात अद्याप तयारच झालेले नसतात. म्हणून दोन-चार पानांची ही रोपे सख्ख्या भावंडांसारखी दिसतात. सर्वांची बीजपत्रे टोकाशी खाच असलेली, बदामाच्या आकाराची असतात. पान चुरडले असता वासही सारखाच येतो. त्यामुळे बीजपत्रांवरून किंवा वासावरून निर्णय घेऊ नये.

पहिली पारख : कुळातील परके

प्रथम मोहरी व मुळ्याची चुकून आलेली रोपे वेगळी करावीत. त्यांच्या पानांवर बहुधा बारीक लव असते व हात फिरवल्यास पान खरखरीत लागते. कोबीवर्गीय रोपाची खरी पाने गुळगुळीत असून त्यांवर मेणचट थर असतो. पानावर पाण्याचा थेंब टाकावा. कोबीच्या पानावरून तो मोत्यासारखा घरंगळतो, तर मुळ्याच्या पानावर पसरतो. चायनीज कोबी ही जातच निराळी असून तिची पाने पातळ व फिकट हिरवी असतात. त्यांवर निळसर मेणाची झाक नसते.

वेगळी केलेली मोहरीची रोपे टाकून द्यावयास नकोत. कोबीवर पडणाऱ्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाला मोहरी अधिक आवडते. म्हणून शेतातही कोबीच्या ओळींमध्ये मोहरी सापळा पीक म्हणून लावतात. परसबागेत ती वाफ्याच्या कडेला लावल्यास अळ्या गोळा करणे सोपे जाते.

दुसरी पारख : देठ आणि पाते

रोपास पाच-सहा खरी पाने आल्यावर देठाकडे लक्ष द्यावे.

कोबी : पान रुंद व गोलाकार, देठ आखूड. पात्याची कडा देठावरून खाली उतरत आलेली दिसते. नवीन पाने जवळजवळ बिनदेठाची वाटतात.

फुलकोबी : पान लांबट व उभट, मधली शीर ठळक व फिकट. पाने वर उभी राहतात.

ब्रोकोली : देठ लांब. पात्याच्या तळाशी देठावर कानासारखे लहान तुकडे असतात. कडा लहरदार, रंग करडा-निळसर हिरवा.

नवलकोल : देठ बारीक व लांब, पाते त्यामानाने लहान आणि कडा दंतुर. पाने खोडावर विरळ असतात.

लाल कोबीचे खोड व शिरा लहानपणापासूनच जांभळ्या असतात. नवलकोलाच्या जांभळ्या वाणातही तसेच दिसते. तेथे देठाच्या लांबीवरून निर्णय करावा. मात्र थंडीने किंवा स्फुरदाच्या कमतरतेने साध्या कोबीच्या जुन्या पानांवरही जांभळट झाक येते. तेवढ्यावरून त्यास लाल कोबी म्हणू नये.

याच वेळी प्रत्येक रोपाचा शेंडाही पाहावा. मध्यभागी कोवळा कोंब नसेल, तर ते रोप कोणत्याही जातीचे असले तरी त्यास गड्डा धरणार नाही. उपटून टाकावयाचे रोप ते हेच.

तिसरी पारख : काळ

एवढे करूनही काही रोपांविषयी शंका उरते. अशा वेळी घाईने रोप उपटू नये. लागवडीनंतर साधारण तीन-चार आठवड्यांत नवलकोलाचे खोड जमिनीलगत फुगू लागते आणि संशय फिटतो. त्यानंतर कोबीची आतील पाने वाटीसारखी आत वळतात. फुलकोबीच्या आतील पानांच्या मिठीत पांढरी गुंडी दिसते, तर ब्रोकोलीच्या शेंड्यावर हिरव्या कळ्यांचा झुबका येतो.

तोपर्यंत अंतराचे काय, हा व्यवहाराचा प्रश्न आहे. नवलकोलास ३० सेंटिमीटर अंतर पुरते. लवकर येणाऱ्या कोबीस ४५, तर मोठ्या गड्ड्याच्या उशिरा येणाऱ्या वाणांस ६० सेंटिमीटर लागते. अनोळखी रोपे ४५ सेंटिमीटरवर लावणे हा मध्यम मार्ग होय. मधल्या मोकळ्या जागेत मेथी किंवा कोथिंबीर पेरावी. रोपांची ओळख पटेपर्यंत ती काढणीस येते व जागा फुकट जात नाही.

चिठ्ठीचे महत्त्व

घरच्या पिकाचे बी धरावे, म्हणजे नावाचा घोळ होणार नाही, असे कोणास वाटेल. परंतु कोबीस फुलोरा येण्यासाठी दीर्घकाळ थंडी लागते. ती आपल्या सपाट प्रदेशात मिळत नाही. म्हणूनच त्याचे बीजोत्पादन कुलू खोऱ्यातील कात्रैनसारख्या थंड ठिकाणी होते. शिवाय ही सर्व रूपे एकाच जातीची असल्याने फुलोऱ्यात आल्यास मधमाश्यांमार्फत त्यांचा आपसांत संकर होतो आणि पुढील पिढी मूळ वाणासारखी निपजत नाही. बी बाहेरूनच आणावयाचे असल्याने त्यासोबत आलेले नाव जपणे हाच खरा उपाय आहे.

बी पेरताच वाणाचे नाव व पेरणीची तारीख बांबूच्या कामटीवर लिहून वाफ्यात खोचावी. शाई पावसाने व उन्हाने पुसते. पेन्सिलीचे अक्षर अधिक टिकते. हीच नोंद घरातील वहीतही करावी. शाळेच्या परसबागेत हे काम विद्यार्थ्यांकडे सोपविल्यास पान, देठ आणि खोड यांचा धडा त्यांना वाफ्यातच मिळेल.

रोपे विकत घेतानाही प्रत्येक जुडी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने बांधून घ्यावी आणि कोणता दोरा कोणत्या भाजीचा, हे तेथेच टिपून ठेवावे. दोऱ्याला खर्च नाही. पण माघ महिन्यात ताटात काय वाढले जाणार, हे त्या दोऱ्यावर ठरते.