संगणक दुपारीच का रुसतो?



मे महिन्याची दुपार आहे. भोकरदन किंवा घनसावंगी तालुक्यातील एखाद्या पत्र्याच्या घरात संगणक चालू आहे. अर्ध्या तासाने तो एकाएकी बंद पडतो. लगेच पुन्हा चालू केला, तर पाचच मिनिटांत परत बंद. रात्री दहानंतर मात्र तोच संगणक निमूटपणे काम करतो. घरातील मंडळी म्हणतात, 'व्हायरस शिरला असेल.' कोणी म्हणतो, 'मदरबोर्ड गेला, आता नवाच घ्या.' व्हायरसला दुपार आणि रात्र यांतला फरक कळत नाही, हे कोणी ध्यानात घेत नाही! नव्या संगणकासाठी कापसाच्या पैशांतून मोठी रक्कम बाजूला काढण्यापूर्वी आपण थोडे भौतिकशास्त्र वापरून पाहू या.

दुरुस्तीचे पहिले साधन म्हणजे वही. संगणक किती वाजता बंद पडला, चालू केल्यापासून किती वेळाने पडला, त्या वेळी कोणते काम चालले होते, घरात दुसरे काय सुरू झाले, एवढे आठवडाभर लिहून ठेवा. वर सांगितलेल्या उदाहरणात पहिल्यांदा अर्धा तास आणि दुसऱ्यांदा पाच मिनिटे, हा मोठाच पुरावा आहे. कोणती तरी वस्तू हळूहळू तापते आणि निवण्यापूर्वीच आपण तिला पुन्हा कामाला लावतो, असा त्याचा अर्थ होतो.

संगणकाने घेतलेली जवळजवळ सर्व विद्युतऊर्जा अखेर उष्णतेत रूपांतरित होते. समजा, त्यातील प्रोसेसर ६५ वॅट शक्ती वापरतो आणि त्याच्या सिलिकॉनच्या चकतीचे क्षेत्रफळ दीड चौरस सेंटिमीटर आहे. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४३ वॅट झाले. आपली १,००० वॅटची इस्त्री घ्या. तिचा तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटरचा धरला, तर तेथे दर चौरस सेंटिमीटरला अवघे ५ वॅट येतात! ही उष्णता वाहून नेण्यासाठी प्रोसेसरवर धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा आणि त्यावर पंखा बसवलेला असतो.

ओहमचा नियम तुम्हांस ठाऊक आहेच. उष्णतेच्या बाबतीतही तसेच एक सूत्र लिहिता येते:

चकतीचे तापमान = भोवतालच्या हवेचे तापमान + (शक्ती × उष्णतारोध)

ठोकळा स्वच्छ असताना उष्णतारोध दर वॅटला ०.६ अंश आहे असे माना. ६५ गुणिले ०.६ म्हणजे ३९. डिसेंबरात हवा २० अंशांची असेल, तर चकती ५९ अंशांवर राहील. मे महिन्यात पत्र्याखालची हवा ४२ अंशांची झाली, तर ८१ अंश. येथवर काही बिघडत नाही. आता पात्यांत धूळ साचून रोध ०.९ झाला असे समजा. वाढ ५८.५ अंशांची होईल. डिसेंबरात तापमान ७८.५ अंश, म्हणजे कोणाला कळणारही नाही. मेमध्ये मात्र १००.५ अंश! अनेक प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास आले की प्रथम आपला वेग कमी करतात, आणि तरीही तापमान चढत राहिले तर स्वतःला वाचवण्यासाठी यंत्रच बंद करतात.

म्हणजे दोष मे महिन्यात उत्पन्न झालेला नाही. तो हिवाळ्यातच येऊन बसला होता. आपल्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरातच एखाद्या खोलीत साठवून ठेवतात. त्याचे बारीक तंतू पंख्याच्या ओढीने आत जातात, पात्यांच्या फटींत अडकतात, आणि मग त्यांवर धूळ बसून चक्क नमदा तयार होतो. नुसती धूळ फुंकरीने उडते. हा नमदा मात्र उडत नाही. तो ब्रशने सोडवावा लागतो.

त्यासाठी वायर भिंतीतून काढा, मग चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून ठेवा, म्हणजे आत उरलेला विद्युतभार बराचसा निघून जाईल. पेटी ओट्यावर न्या, बाजूचा पत्रा उघडा, आतील भागांना हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करा आणि मऊ कोरड्या ब्रशने पाती मोकळी करा. सायकलचा पंप येथे उत्तम काम देतो. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, कारण वाऱ्याने फिरणारा पंखा जनित्रासारखा वीज निर्माण करू शकतो. मात्र जेथे वायर येऊन जोडली जाते ती वीजपुरवठ्याची धातूची डबी कधीही उघडू नका. तिच्यातील धारित्रात ३२५ व्होल्टच्या आसपास दाब साठलेला असू शकतो, आणि वायर काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो. ती धूळ बाहेरूनच उडवा.

वहीत वेगळीच नोंद सापडली तर? समजा, संगणक क्षणात बंद पडून लगेच आपोआप सुरू होतो, आणि हे नेमके शेतपंपांना थ्री-फेज वीज आली की घडते. शेतवस्तीवर घर आणि पंप एकाच वाहिनीवर असतात. मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. वाहिनीचा रोध १ ओहम आणि वाढलेला प्रवाह ४० अँपिअर धरला, तर ४० व्होल्ट वाटेतच खर्च होतील आणि घरात २३० ऐवजी १९० व्होल्ट पोहोचतील. साध्या बनावटीच्या वीजपुरवठ्यातील धारित्राची ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ती सुमारे ६८ टक्क्यांवर येते. मग वीज निमिषभर गेली तरी संगणक तग धरत नाही. येथे ब्रशचा उपयोग नाही, बॅटरीवर चालणारा यूपीएस हवा.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. पेटीला मनगटाची मागची बाजू ओझरती लागली आणि मुंग्या आल्या, तर 'थोडा करंट येतोच' असे म्हणून सोडून देऊ नका. विजेतील गोंगाट गाळण्यासाठी दोन्ही तारांपासून पेटीपर्यंत एकेक लहान धारित्र जोडलेले असते. अर्थिंग नसले, तर पेटी या दोघांच्या मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. प्रवाह फारच थोडा असल्याने एरवी त्याने इजा होत नाही. पण तिसरी तार काम करीत नाही, हे त्यावरून कळते. उद्या आतील एखादी तार सुटून पेटीला टेकली, तर तोच स्पर्श प्राणघातक ठरेल. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यातील ओल जाते आणि तिचा रोध वाढतो. म्हणून मार्चपासूनच त्या खड्ड्यात पाणी घालीत जा. मुंग्या तरीही थांबल्या नाहीत, तर तारतंत्रीला बोलवा आणि तोवर संगणक बंद ठेवा.

एक किरकोळ पण फसवा दोष राहिला. संगणकाची तारीख दर वेळी मागे जाते आणि इंटरनेटवरील बरीच संकेतस्थळे 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाहीत. सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना मुदत असते. संगणकाचे घड्याळ चुकले की चालू प्रमाणपत्रही त्याला मुदतीबाहेरचे वाटते. संगणक बंद असताना हे घड्याळ ३ व्होल्टच्या बिल्ल्याएवढ्या सेलवर चालते. त्यातील क्वार्ट्‌झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो; या संख्येला पंधरा वेळा दोनाने भागून पाहा, म्हणजे ती का निवडली ते कळेल. सेल घड्याळजीकडेही मिळतो. मागवताना त्यावरील 'सीआर २०३२' हा क्रमांक सांगा, आणि बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर ठेवा.