किल्ली मुलाच्या हाती देताना

शाळा सुटल्यावर स्वतःच कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरणारी मुले आज आपल्या वस्तीत पुष्कळ आहेत. आई रुग्णालयात, महापालिकेत, कचेरीत किंवा चार घरची धुणीभांडी करण्यास गेलेली असते, वडीलही कामावर. मुंबई-ठाण्यातील अनेक शाळा दोन सत्रांत भरतात. सकाळच्या सत्राचे मूल एकच्या सुमारास घरी येते, आईला यायला सात वाजतात.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी आईवडिलांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. पापापासून परावृत्त करणे, सत्कर्मास लावणे, विद्या-हुन्नर शिकविणे, योग्य विवाह करून देणे आणि योग्य वेळी वारसा स्वाधीन करणे. यातील ‘योग्य वेळी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. घराची किल्ली हाही एक छोटा वारसाच होय. आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ती वेळ आली आहे काय? पुष्कळदा हे आपण ठरवीत नाही. पगार आणि घरभाडे ठरवितात. म्हणून नोकरी करणाऱ्या आईला दोष देणे मला मान्य नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला, तो कष्टकरी आईचा भार तिच्या एकटीवर पडू नये याच भूमिकेतून. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने पाळणाघर दिले, १९७५ पासून अंगणवाडी आली. परंतु दोन्ही सोयी लहान, सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. मूल शाळेत गेले की त्याची दुपार कोणाच्याच खात्यावर जमा नाही!

मुलाला किल्ली मिळते म्हणजे मोकळीक मिळते. दप्तर टाकून तो मैदानावर जातो. मुलीला मात्र किल्लीबरोबर धाकटा भाऊ, नळाचे पाणी, भांडी आणि संध्याकाळचा कुकर हेही मिळते. पुढे दहावीला गुण कमी पडले की ‘तिचे अभ्यासात लक्षच नाही’ असे म्हणणारे आपणच. (विद्यार्थिनींनी हा परिच्छेद घरी मोठ्याने वाचून दाखवावा.)

चाळीत किल्ली शेजारच्या काकूंकडे असे आणि ती देताना ‘जेवलास का रे?’ ही चौकशीही होई. इमारतीत लॅच आले. ते दार ओढताच आपोआप लागते. किल्ली आत, मूल बाहेर! म्हणून दुसरी किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवावीच. किल्लीला नाव-पत्ता बांधू नये. हरवली तर चोराची सोय होते. कामावर जाताना गॅसचा रेग्युलेटर बंद करावा. कोण आले आहे हे कळल्याशिवाय दार उघडू नये, हे मुलाकडून प्रत्यक्ष करून घ्यावे. आईवडिलांचे नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत, त्याखाली मुलांच्या मदतीचा मोफत क्रमांक १०९८. ही सेवा १९९६ साली मुंबईतच सुरू झाली.

आता आपल्या विहाराकडे वळू. वंदना सायंकाळी, दुपारभर कुलूप. आत चटया आहेत, पंखे आहेत, पाणी आहे, आणि वस्तीत सेवानिवृत्त बंधू-भगिनीही आहेत. रोज दोघांनी पाळी घेतली तर एक ते सहा विहार उघडा राहू शकतो. हजेरीची वही ठेवावी, धाकट्या भावंडांनाही येऊ द्यावे, म्हणजे मोठ्या बहिणीला पुस्तक उघडता येईल. झाडलोट मात्र मुलगे आणि मुली दोघांनीही करावी. विहाराच्या किल्ल्या पदाधिकाऱ्यांकडेच असतात. आणखी एक करून ती दुपारी बसणाऱ्यांकडे द्यावी, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत कोणीतरी मांडावा. अनुमोदन देण्यास मी तयार आहे.