चुंबकाची पावडर दळायची, तर पैसा कुठे जातो?

एप्रिल 2025 मध्ये चीनने रेअर अर्थ गटातल्या सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांपासून होणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. तेव्हापासून ‘आपणच पावडर करून बघू’ हे वाक्य कॉलेजांच्या प्रयोगशाळांत आणि लहान कारखान्यांत सारखं ऐकू येतं. धातू वितळवण्याची मोठी भट्टी न लावता ते जमवण्याची पद्धत म्हणजे मेकॅनिकल अलॉयिंग: नियोडिमियम, लोखंड आणि बोरॉनची पावडर पोलादी गोळ्यांसोबत बंद जारमध्ये तासन्‌तास दळायची, मग सुमारे 700 अंश सेल्सिअसवर थोडा वेळ तापवायची. जर्मनीत सीमेन्सच्या लुडविग शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये हे करून दाखवलं.

आधी कच्चा माल. नेहमीच्या मिश्रणात 100 ग्रॅम पावडरीला साधारण 33 ग्रॅम नियोडिमियम, 66 ग्रॅम लोखंड आणि सव्वा ग्रॅमच्या आसपास बोरॉन लागतो. नियोडिमियमचा घाऊक दर किलोला 10,000 रुपये धरला, तरी त्याचे 330 रुपयेच होतात. लहान बाटलीत, हवाबंद, शुद्धतेच्या दाखल्यासह घेतलं की तोच माल कित्येक पट महाग पडतो, म्हणून कोटेशन नेहमी ग्रॅमच्या दरात मागवा.

खरा खर्च ऑक्सिजनला बाहेर ठेवण्याचा आहे. एक ग्रॅम ऑक्सिजन सहा ग्रॅम नियोडिमियम गिळतो. वरच्या मिश्रणातल्या लोखंडाचं चुंबक व्हायला सुमारे 24 ग्रॅम नियोडिमियम पुरतं, म्हणजे हाताशी जास्तीचं फक्त नऊ ग्रॅम. दीड ग्रॅम ऑक्सिजन आत शिरला की ते संपलं. त्यापुढे नुसतं लोखंड मोकळं राहतं आणि चुंबकाची ताकद कोसळते. एकदा ताजी दळलेली पावडर चिमूटभर उघड्या हवेत ठेवलेली मी पाहिली आहे: राखाडी ढिगाऱ्याची कड उदबत्तीच्या टोकासारखी लाल झाली आणि ती लाली हळूहळू आत सरकत गेली. अशा आगीवर पाणी कधीही टाकू नका. कोरड्या वाळूची बादली हाताच्या अंतरावर हवीच, आणि तिला खर्च जवळपास नाही.

म्हणून दळणाऱ्या बॉल मिलच्या आधी ग्लोव्ह बॉक्सचा, म्हणजे आरगॉन भरलेल्या आणि हातमोज्यांतून आत काम करायच्या बंद पेटीचा विचार करा. वायू शुद्ध करणाऱ्या यंत्रणेसह तो साधारण दहा लाखांच्या पुढचा मामला आहे. त्यावर 99.999 टक्के शुद्धतेचा आरगॉन, सिलिंडरचं डिपॉझिट आणि भाडं, फाटणारे हातमोजे हा खर्च चालूच राहतो. कोटेशनमध्ये या ओळी सहसा नसतात. विचारून लिहून घ्या.

प्लॅनेटरी बॉल मिल देशी किंवा चिनी असेल तर काही लाखांत येते, जर्मन कित्येक पट महाग. जार आणि गोळ्या किमतीत धरल्या आहेत का, ते पाहा. टंगस्टन कार्बाइडचा जार घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या मिश्रणात लोखंडच जास्त, त्यामुळे कडक पोलादाची थोडी झीज मिसळली तरी फारसं बिघडत नाही. पावडरीच्या दहापट वजनाच्या गोळ्या लागतात, म्हणून 250 मिलिलिटरच्या जारमध्ये एका वेळी 20-25 ग्रॅमच दळलं जातं. चार जारांचं मशीन असेल तर 100 ग्रॅम एका फेरीत निघतात. दीड किलोवॅटचं मशीन 30 तास चाललं तर 45 युनिट. युनिटला 10 रुपये धरले तर 450 रुपये. मध्ये थंड होण्याचे थांबे धरून दोन-अडीच दिवस जातात. थोडी पावडर जारच्या भिंतीला चिकटून राहते, तिची घट हिशेबात धरा.

यंत्रांवर 18 टक्के जीएसटी आहे. नोंदणीकृत व्यवसायाला त्याचं क्रेडिट मिळतं. तयार पावडरीच्या चाचणीचाही खर्च धरा; तिचे दर उद्योगांना विद्यापीठांपेक्षा जास्त असतात. पैसे भरण्यापूर्वी विचारा, चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्राचं क्षेत्र किती टेस्ला आहे? तीनपेक्षा कमी असेल, तर या पावडरीचं पूर्ण मोजमाप हाती येत नाही.

आणखी एक गोष्ट ऑर्डर देण्याआधी ठरवा. या पावडरीतले कण सगळ्या दिशांना तोंड करून असतात, म्हणून नुसत्या पावडरीची ऊर्जा 13 एमजीओईच्या (चुंबकाची ऊर्जा मोजण्याचं एकक) आसपास राहते. बाजारातल्या एन42 चुंबकाची 42 असते. ही पावडर प्लॅस्टिकमध्ये बांधलेल्या चुंबकांना चालेल. स्कूटरच्या मोटरला ती पुरणार नाही.

यंत्र लगेच घेऊ नका. ज्यांच्याकडे ग्लोव्ह बॉक्स आणि मिल दोन्ही आहेत, त्यांच्याकडून आधी 100 ग्रॅम जॉब वर्कवर करून घ्या आणि त्यातल्या ऑक्सिजनची टक्केवारी लेखी मागा. ती एकच्या वर असेल, तर त्या बॅचचे पैसे देण्यापूर्वी बोलणी करा.