उरलेल्या चरबीचे काय करावे?

वाचन : लेवीय ६:१०-११ आणि ७:२४



नाताळ, ईस्टर किंवा घरातले लग्न असले की आपल्याकडे मांस शिजते. अलीकडे काही घरांत ते झाकणाच्या शेगडीत, मंद धुरावर तासन्‌तास शिजवण्याची पद्धत आली आहे. खाली ठेवलेल्या ताटात चरबी ठिबकत राहते. तीन-चार किलो डुकराच्या मांसातून वाटी-दोन वाट्या सहज जमते. पाहुणे गेले की ते ताट बहुधा मोरीत उपडे होते. या अंकाचा धडा त्या ताटाविषयी आहे.

शास्त्रात काय आहे?

लेवीयाच्या सहाव्या अध्यायात याजकाला एक साधे काम सांगितले आहे. रात्रभर होमार्पण जळाल्यावर सकाळी त्याने वेदीवरची राख उचलावी, वस्त्रे बदलावी आणि ती राख छावणीबाहेर स्वच्छ ठिकाणी न्यावी. या राखेसाठी मूळ इब्री भाषेत ‘देशेन’ हा शब्द आहे. त्याचा दुसरा अर्थ पुष्टता, स्निग्धपणा. म्हणजे ही चरबी मुरलेली राख होती. दोन गोष्टी लक्षात घ्या. ती याजकानेच उचलायची. आणि ती कुठेही फेकायची नाही, स्वच्छ जागी न्यायची.

सातव्या अध्यायात आणखी एक व्यावहारिक सूचना आहे. आपोआप मेलेल्या किंवा श्वापदाने फाडलेल्या जनावराची चरबी खाऊ नये, पण दुसऱ्या कामासाठी वापरावी. खाण्यास अयोग्य ते सगळेच निरुपयोगी, असे शास्त्र म्हणत नाही.

मोरीत ओतल्यावर काय होते?

मटणाची चरबी आपल्याकडच्या साध्या हवेतही थिजते, डुकराची थंडीत थिजते. वर गरम पाणी आणि साबण ओतला तर ती पुढे सरकते, गार झाली की तिथे बसते. २०१७ साली लंडनच्या व्हाइटचॅपेल भागातील गटारात असा एक गोळा सापडला. तो सुमारे १३० टन वजनाचा आणि २५० मीटर लांब होता. घराघरांतून थोडी थोडी ओतलेली चरबी आणि टाकलेले ओले रुमाल यांचाच तो बनला होता.

आदिवासी वस्तीवरच्या वसतिगृहांत बहुतेक ठिकाणी गटार नसते. स्वयंपाकघराचे पाणी शोषखड्ड्यात जाते. दगडांवर आणि मातीवर चरबीचा थर बसला की पाणी जिरत नाही. ते वर येते, साचते, डास होतात. मग खड्डा उपसून, दगड धुऊन पुन्हा भरण्यावाचून उपाय नसतो. हे काम कोणाच्या वाट्याला येते, हे मी रोज पाहतो.

मग काय करावे?

१. आधी गार होऊ द्या. गरम चरबीत पाणी कधीही घालू नका. पाण्याची क्षणात वाफ होते, तिचे आकारमान सोळाशे-सतराशे पट वाढते आणि पेटती चरबी अंगावर उडते. भांडे पेटलेच तर गॅस बंद करून झाकण ठेवा.

२. थिजल्यावर खरवडून जुन्या पत्र्याच्या डब्यात भरा. डबा भरला की झाकण लावून कचऱ्याच्या गाडीत द्या.

३. पातळ राहिली तर लाकडाचा भुसा, राख किंवा रद्दी कागदात जिरवा, बांधून टाका.

४. भांडी धुण्यापूर्वी कागदाने पुसा. वस्तीवरच्या आयाबाया चुलीच्या राखेने भांडी घासतात. राखेत क्षार असतो. तो चरबीशी मिळून साबणासारखे काम करतो.

५. विहीर, ओढा किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. कंपोस्टमध्येही जास्त घालू नका, उंदीर येतात आणि हवा कोंडते.

६. धुराच्या ताटातली, काजळी आणि जळका मसाला मिसळलेली चरबी पुन्हा खाण्यात घेऊ नका. मांसाचे तुकडे वेगळ्या भांड्यात मंद आचेवर वितळवून काढलेली स्वच्छ चरबी मात्र गाळून, झाकून फ्रीजमध्ये ठेवता येते. मिझोराममधील आपले बांधव तर डुकराची चरबी आंबवून ‘सा-उम’ करतात आणि भाजीला लावतात. टाकायचे की ठेवायचे, हे ती कशी जमली यावर ठरते.

मोठ्या प्रीतिभोजनानंतर तळणाचे तेल उरते, तेव्हा आचाऱ्याला आधीच विचारा की ते कुठे जाणार. वारंवार तापवलेल्या तेलात घातक घटक वाढतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल वापरू नये, असा केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. असे तेल गोळा करून जैवइंधन करण्याची योजनाही त्याच वर्षी सुरू झाली. शहरातील मंडळ्यांनी जवळचा अधिकृत संकलक शोधावा.

एक विनंती

सणानंतर काही जण प्रेमाने डबे घेऊन येतात : “टाकून कशाला द्यायचे? वस्तीवर द्या, त्यांना चालेल.” डब्यात काळे झालेले तेल असते. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, यात मला शंका नाही. पण जे आपल्या मुलांच्या पुऱ्यांना चालत नाही, ते वसतिगृहातील मुलांनाही चालत नाही. त्यांचे पोट वेगळे नाही. मलाखी संदेष्ट्याने लंगडे, आजारी जनावर वेदीवर आणणाऱ्यांना खडसावले. त्यांनी द्यायचे नाकारले नव्हते, स्वतःला नकोसे ते दिले होते. मी असे डबे नम्रपणे परत करतो. कोणी रागावते, पण नंतर त्यातल्या काहींनी नव्या तेलाचा लहानसा डबा आणून दिला आहे. तो मोठ्या काळ्या डब्यापेक्षा लाखमोलाचा आहे.

ज्याने शिजवले त्यानेच उरलेले निस्तरावे. ते खाली वाहून दुसऱ्याच्या दारात जाऊ नये आणि दान म्हणून गरिबाच्या ताटातही जाऊ नये.

मंडळीत चर्चेसाठी

- आपल्या प्रीतिभोजनानंतर उरलेले तेल आणि चरबी कुठे जाते? कोण नेते?
- याजकाने राख उचलण्याआधी आणि नंतर काय केले? आपल्या घरात हे काम कोणावर ढकलले जाते?
- आपण देतो त्यांतली कोणती वस्तू आपण स्वतः वापरली नसती?