मोजपट्टी आणि मुदत : परवडणाऱ्या कर्जाचा विचार

कर्ज स्वस्त की महाग, हे आपण व्याजाच्या दरावरून ठरवतो. परंतु ते कोणत्या निकषावर मिळते आणि संकटकाळी परतफेडीचे काय होते, हे दोन प्रश्न तितकेच महत्त्वाचे आहेत. यवतमाळचा कोरडवाहू शेतकरी आणि कॅरिबियन समुद्रातील छोटी बेटे यांच्यात हजारो मैलांचे अंतर असले, तरी दोघांचीही अडचण याच दोन ठिकाणी होते.

प्रथम मोजपट्टी पाहू. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांचे पात्र थकीत कर्ज पूर्ण माफ झाले. त्याहून अधिक जमीन असणाऱ्यांनी उरलेली रक्कम भरली, तरच त्यांना सवलत होती. कालव्याखालील दोन हेक्टर आणि पावसाच्या भरवशावरील आठ एकर कापूस यांची बरोबरी कशी व्हावी? सावकारी कर्ज तर योजनेबाहेरच राहिले. केवळ क्षेत्रफळावरून शेत किफायतशीर ठरत नाही, भांडवल, अवजारे व श्रम यांच्याशी त्याचे प्रमाण पाहावे लागते, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्येच आपल्या लहान धारणक्षेत्रांवरील निबंधात मांडले होते.

बार्बाडोससारख्या देशाची हीच व्यथा आहे. तेथील दरडोई उत्पन्न अधिक, म्हणून सवलतीच्या आंतरराष्ट्रीय कर्जाचे दार बहुतांशी बंद. वादळ मात्र उत्पन्न पाहून येत नाही. पंतप्रधान मिया मोटली यांनी २०२२ मध्ये ‘ब्रिजटाऊन उपक्रमा’द्वारे हा अन्याय जगापुढे मांडला. ऑगस्ट २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने उत्पन्नाबरोबर असुरक्षितताही मोजणारा निर्देशांक पुढे नेला. तो स्वीकारणे कर्ज देणाऱ्या संस्थांवर बंधनकारक नाही.

आता मुदत. पीककर्ज वेळेत फेडणाऱ्यास व्याजात मोठी सवलत मिळते. पण अतिवृष्टीने वा बोंडअळीने पीक गेले की वेळ चुकते आणि सवलतीची खरी गरज असते त्याच वर्षी ती हातची जाते. रिझर्व्ह बँकेच्या २०१८ च्या निर्देशांत यावर उपाय होता : पिकाचे नुकसान ३३ ते ५० टक्के असल्यास दोन वर्षांपर्यंत, त्याहून अधिक असल्यास पाच वर्षांपर्यंत कर्जाची पुनर्रचना. मात्र ती आपोआप होत नाही. आधी आपत्ती जाहीर व्हावी लागते, मग बँकांची समिती बसते.

ग्रेनाडा या बेटाने वेगळा मार्ग धरला. २०१५ मध्ये कर्जाची पुनर्रचना करताना त्याने करारातच वादळाचे कलम घातले. जुलै २०२४ मध्ये ‘बेरिल’ वादळाने हानी केली, तेव्हा त्या कलमाच्या आधारे देय हप्ते पुढे ढकलता आले. विनवणी करावी लागली नाही. अट आधीच लिहिलेली होती. हप्ता लांबणे म्हणजे माफी नव्हे, कर्ज उरतेच; परंतु ऐन संकटात हाती असलेला पैसा घरे व रस्ते उभारण्यास मोकळा राहतो.

या अभ्यासातून घरोघरी उपयोगी पडेल असे एवढेच घ्यावे. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी, पीक गेल्यास हप्त्याचे काय, हे विचारावे. नुकसानीचा पंचनामा करून घ्यावा आणि पुनर्रचनेचा अर्ज लेखी देऊन त्याची पोच घ्यावी. विनापरवाना सावकारी २०१४ च्या महाराष्ट्र कायद्याने गुन्हा आहे, आणि तिच्यात बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. गावातील वडीलधाऱ्यांचे कागद वाचून देणे, हे शिकलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला सहज करता येण्याजोगे काम आहे.