कोविडची लक्षणे आणि मृत्यूंचा ताळेबंद

महाराष्ट्रातील कोविडचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुणे येथे आढळले. या साथीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी घोषित केले. साथ ओसरली, तरी विषाणू नाहीसा झालेला नाही. म्हणून त्याची लक्षणे व त्या काळातील मृत्यूंची आकडेवारी यांचा परामर्श येथे घेत आहोत.

ताप, कोरडा खोकला, घसादुखी, अंगदुखी व अतिशय थकवा ही या आजाराची सर्वसाधारण लक्षणे होत. वास व चव जाणे हे आरंभीचे ठळक लक्षण होते. २०२१ च्या अखेरीस आलेल्या ओमायक्रॉननंतर ते कमी आढळू लागले. दुसऱ्या लाटेत काही रुग्णांच्या रक्तातील प्राणवायू फारशी धाप न लागताही घटत असे. ऑक्सिमीटरवर ९४ पेक्षा कमी आकडा, धाप, छातीत दडपण किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे. ज्येष्ठ नागरिक व मधुमेही यांनी विशेष दक्षता घ्यावी.

त्याच लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेतून २२ मृतदेह स्मशानभूमीकडे नेण्यात आले, ही वार्ता देशभर पोहोचली. साथीत एकूण किती जीव गेले, हे मोजण्याची रीत हिशेबातील परिचित रीतीसारखीच आहे. अंदाजपत्रकातील रक्कम व प्रत्यक्ष खर्च यांतील तफावत आपण काढतो. त्याचप्रमाणे मागील वर्षांवरून अपेक्षित मृत्यू ठरवून ते प्रत्यक्ष मृत्यूंतून वजा केले, की उरतात ते ‘अतिरिक्त मृत्यू’.

देशात २०१९ मध्ये सुमारे ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख, तर २०२१ मध्ये १०२ लाख मृत्यूंची नोंद झाली. ही सर्व वाढ कोविडचीच म्हणता येणार नाही. नोंदणीत झालेली सुधारणा आणि अन्य आजारांवर वेळेवर न मिळालेले उपचार हेही त्यात आहेत. २०२० व २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये मांडला. त्या दोन वर्षांतील अधिकृत कोविड मृत्यू सुमारे ४.८ लाख होते. भारत सरकारने त्या अंदाजाच्या पद्धतीवर आक्षेप घेतला.

एवढ्या मोठ्या तफावतीचे एक कारण आपल्या कागदपत्रांत आहे. २०२१ मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २३ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते. व्हाउचर नसलेल्या खर्चाचा ताळमेळ लागत नाही, तद्वतच कारण न लिहिलेल्या मृत्यूचा. ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढ्याने कारण स्पष्ट होत नाही. ती कोणत्या आजाराने बंद पडली, हा मूळ आजार प्रमाणपत्रात येणे अगत्याचे असते. कोविडने मृत्यू पावलेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपयांचे सानुग्रह साहाय्य देण्याचे २०२१ मध्ये ठरले, तेव्हा एखाद्या विधवेचा हक्क याच कागदावर अवलंबून राहिला.

म्हणून नातेवाइकांना नम्र विनंती, की घरी मृत्यू झाला तरी त्याची नोंद २१ दिवसांच्या आत अवश्य करावी व मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. गेलेला माणूस परत येत नाही. त्याची नोंद खरी राहिली, तर पुढील साथीत खाटा व प्राणवायू किती लागतील याचा हिशेब तरी खरा मांडता येईल.