म्हणीतली जनावरे

आर्णी गाव अरुणावतीच्या काठी आहे. भोवताली पऱ्हाटीची वावरे. इथे दिवस ढोरांबरोबर उगवतो, म्हणून बोलण्यातही ढोरे येतात. आता वावरात ट्रॅक्टर आला, पण म्हणीत अजून बैलच आहे.

ही म्हण वाचा : बैल गेला अन् झोपा केला.

झोपा म्हणजे काट्याकुट्यांचे दार. रात्री कोठा उघडा राहिला, बैल गेला, आणि सकाळी मालक दार बांधू लागला. ऐन पेरणीत बैल गेला म्हणजे काय होते, ते आम्ही तुम्हांला काय सांगावे?

दुसरी म्हण : शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड.

यात शेळीचे दुःख आहे, तसे मजुराचेही आहे. दिवसभर निंदण केलेल्या बाईला कुणी 'काम कच्चे झाले' म्हणाले, की तिच्या तोंडी हीच म्हण येते.

पण सगळ्या म्हणी न्यायाच्या नाहीत. श्रावणी अमावास्येला, पोळ्याला, आपण बैलाची शिंगे रंगवतो, त्याला पुरणपोळी चारतो. अन् दुसऱ्या दिवशी पोरावर रागावलो की म्हणतो, "बैल आहेस नुसता!" गाढवाचे तर विचारूच नका. विटा-माती वाहून त्याची पाठ सोलते, आणि मूर्खाला नाव त्याचेच.

गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता.

रात्रीच्या वर्गाला निघालेल्या मोठ्या माणसाला ही म्हण कुणीतरी ऐकवतोच. तुम्हांलाही ऐकवली असेल. आम्हांला ती पटत नाही. वाचणाऱ्याने गीता गाढवाच्या बोलीत कुठे सांगितली होती? सांगणाऱ्याची चूक ऐकणाऱ्याच्या माथी का? आणखी एक. मॅन्वेअरिंग नावाच्या पाद्रीसाहेबाने मराठी म्हणींचे पुस्तक १८९९ साली ऑक्सफर्डला छापले. पुढे दाते आणि कर्वे यांनी महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश काढला. पण त्याआधी या म्हणी कुणी सांभाळल्या? ज्यांना अक्षर येत नव्हते, अशा बायाबापड्यांनी, जिभेवर. कुणी पुन्हा हिणवले, तर त्याला हे सांगा.

उखाण्यांची तऱ्हा निराळी. तिथे वस्तूच जनावराचे सोंग घेते.

काळी गाय काटे खाय, पाणी पाहून उभी राहाय.

ही आपली वहाण. वावरातले काटे ती सोसते. ओढा आला की चामडे भिजू नये म्हणून आपण तिला काढून हातात घेतो.

आता हा उखाणा तुम्ही सोडवा. उत्तर तुमच्या चुलीत आहे.

लाल गाय लाकूड खाय, पाणी पिऊन मरून जाय.